कबाकच्या पुढच्या फाट्यावरचा ढीग

आमच्या सिंदेवाहीत मला आता माझ्या नोकरीवरून कोणी ओळखत नाही. शेतकी खात्यात हयात गेली, धानाच्या बांध्या तुडवून तळपाय झिजले, पण बाजारात हाक येते ती 'तुर्कीवाले भाऊ' अशीच. तुर्कस्तानच्या दक्षिणेला समुद्राच्या काठाकाठाने, डोंगरांतून जाणारी एक लांब पायवाट आहे. लिशियन वाट म्हणतात तिला. म्हातारपणी मी मुलीसोबत तिचा एक तुकडा चाललो आणि परत आल्यावर चालणाऱ्यांसाठी काही सूचना लिहून काढल्या. त्या मोबाइलवरून चंद्रपूर, गडचिरोली करत नागपूरपर्यंत गेल्या. ज्यांची मुलं परदेशी आहेत आणि ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, असे लोक निघण्याआधी मला फोन करतात. "भाऊ, बूट कोनते घेऊ?" इथपासून सुरुवात होते.

त्या सूचना तशा बऱ्या आहेत. उन्हाळ्यात जाऊ नका, तिथला उन्हाळा समुद्राकाठचा असला तरी आपल्यासारखाच भाजतो आणि वाटेवरचं पाणी आटतं. वसंतात जा, नाहीतर दिवाळीच्या सुमारास. बूट जाड तळाचे घ्या, कारण तिथला दगड चुनखडीचा, कडा विळ्यासारख्या. वाटेत दगडी घुमटाच्या जुन्या टाक्या लागतात, त्यांतलं पाणी गाळून आणि उकळून घ्या. गावं लांब लांब आहेत, पण जवळजवळ प्रत्येक गावात कोणाच्या तरी घरी राहायची आणि जेवायची सोय होते. शाकाहारी माणूस उपाशी मरत नाही: मसुराचं सूप असतं, भाजी किंवा चीज भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी असते आणि ताक तर आपल्यासारखंच. थकलात तर डांबरी रस्त्यापर्यंत उतरा आणि हात करा, छोटी गाडी थांबते. हे सगळं खरं आहे आणि मी ते मागे घेत नाही.

एक सूचना मात्र मागे घेतो. ती अशी होती: "कबाक गावाच्या पुढचा मोठा चढ संपल्यावर फाट्याजवळ एक म्हातारा चहा विकतो. त्याच्यापासून सावध राहा. गिऱ्हाईक आपल्याकडे वळावं म्हणून तो वाटेवर दगडांच्या खोट्या खुणा रचतो."

हे खोटं आहे. तो ढीग मी रचला होता, आणि मी रचला हे माहीत असताना मी ही सूचना लिहिली.

हे नीट समजायला आधी आमच्याकडची एक गोष्ट सांगावी लागेल. माझ्या बायकोचं माहेर एटापल्लीकडचं. लग्न झालं तेव्हा मोटारीतून उतरल्यावर तिच्या गावापर्यंत जंगलातूनच चालावं लागे. त्या वाटेवर एका चढाच्या माथ्याशी गोट्यांचा मोठा ढीग होता, अजून आहे. येणारा-जाणारा वाटेवरचा एक गोटा उचलतो, ढिगावर ठेवतो, त्याखाली एक हिरवी डहाळी दाबतो, हात जोडतो आणि पुढे जातो. कोणी म्हणतं तिथं वाटेचा देव आहे, कोणी म्हणतं वाघाने माणूस नेला होता. मी शिकलेला. मी ठेवत नसे.

"अवो, ठेवा ना जी एक गोटा," ती म्हणायची. "हात झिजतात का तुमचे?"

"गोटा ठेवून काय होते?"

"काई होत नाई. मांगून येनाऱ्याले समजते का आपल्या पुढं कोनी गेलं हाये. जंगलात एकटं वाटत नाई त्याले." आणि मग ती दुसरा गोटा उचलायची. "हा तुमच्या वाटचा. शेतकी खात्याचा." एवढं बोलून ती पुढे चालू लागायची, डोक्यावर पिशवी, पाठ ताठ. प्रत्येक खेपेला तिने माझ्या वाटचा गोटा ठेवला. मी कधी तिच्या वाटचा ठेवला नाही.

ती गेली आणि मी घरात नुसता बसून राहू लागलो. मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला चालण्याचा नाद आहे, सुट्टी मिळाली की डोंगर. ती आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर चाललात. बसून तुम्हाला जमणार नाही. माझ्यासोबत चला."

"कुठी?"

"तुर्कस्तान."

मला वाटलं गंमत करते. तिने तिकीटच दाखवलं. शेजारचे म्हणाले, "भाऊ, आपल्या इथी जंगल कमी हाये का जी, का तिकडं फिराले चालले?" मी म्हणालो, आपल्या जंगलात आता वाघ फिरतो, मला तो फिरू देत नाही.

पहिल्याच दिवशी डोंगराचा चढ चढून वर आलो आणि खाली समुद्र दिसला. निळा रंग इतका असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. वाटेवर दगडांना, झाडांच्या बुंध्यांना पांढऱ्या आणि लाल रंगाचे पट्टे मारलेले असतात, ते पाहत चालायचं. लाल फुली दिसली की ती वाट आपली नाही. आणि जिथं रंग उडून गेला आहे तिथं चालणाऱ्यांनी गोट्यांचे छोटे ढीग रचलेले असतात.

पहिला ढीग पाहून माझे पाय थबकले. पाइनच्या झाडाखाली, गुडघ्याएवढा, हुबेहूब. मी खाली वाकून एक गोटा उचलला, ढिगावर ठेवला, बाजूच्या झुडपाची डहाळी तोडून त्याखाली दाबली. हात जोडले. मुलगी मागून येत होती.

"बाबा, तो देव नाही. वाट दाखवायची खूण आहे."

"मग गोटा ठेवला तर काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं. असलेल्या ढिगावर खुशाल ठेवा. फक्त नवीन ढीग कुठे रचू नका हं. मागून येणारे त्यालाच वाट समजतात."

"तुझी आई हेच म्हणायची."

"काय म्हणायची?"

"मागून येणाऱ्याला समजते म्हणून."

ती हसली. पुढे प्रत्येक ढिगावर मी गोटा ठेवत गेलो आणि तीही ठेवू लागली. "हा आईचा," म्हणायची. मुद्दाम सांगतो, की नवीन ढीग रचायचा नाही हे मला स्पष्ट सांगितलं गेलं होतं आणि मला ते समजलंही होतं.

कबाकच्या पुढचा चढ दम काढतो. वर पोहोचून थोडं चाललं की एक फाटा येतो. तिथं ऑलिव्हचं जुनं, पोकळ झाड आहे. रंगाची वाट डावीकडे पुन्हा चढू लागते. उजवीकडे एक सपाट पायवाट कड्याच्या अंगाने जाते आणि थोड्या अंतरावर एका पत्र्याच्या झोपडीपाशी पोहोचते. झोपडीच्या पुढे ती वाट फक्त बकऱ्यांची. पुढे खडीचा उतार आहे आणि त्याखाली समुद्र. फाट्यावर एका फळीवर वेड्यावाकड्या अक्षरांत चहाचं नाव आणि बाण काढलेला होता.

"जायचं का?" मुलीने विचारलं. मी आधीच वळलो होतो.

झोपडीत एक म्हातारा आणि त्याची बायको. म्हातारा माझ्याच वयाचा असेल, डोक्यावर लोकरीची टोपी, दातांमध्ये फटी. त्याने मला पाहिलं आणि पहिला शब्द उच्चारला, "चाय?"

"बाई, हा तर आपल्या ब्रह्मपुरीचा निघाला," मी मुलीला म्हणालो.

त्यांच्याकडे चहाला आपल्यासारखंच चाय म्हणतात. दूध नाही घालत, तेवढाच फरक. लहान काचेच्या पेल्यात त्याने चहा दिला, बायकोने बदाम आणि संत्र्याच्या फोडी पुढे केल्या. मुलीच्या मोबाइलमध्ये बोललेलं भाषांतर करून दाखवायची सोय होती. तो मोबाइलला तोंड लावून मोठ्याने बोलायचा, जणू आत कोणी बहिरा बसला आहे, आणि त्याची बायको डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेऊन हसायची.

त्याने विचारलं, तुमची बायको? मी वर बोट केलं. त्याने आपला तळहात छातीवर ठेवला. त्याच्या बायकोने माझ्या पुढ्यात आणखी एक संत्रं सोलून ठेवलं.

मग तो म्हणाला, रंगाची वाट वरून जाते म्हणून चालणारे लोक इथं उतरत नाहीत. पूर्वी मी बकऱ्या राखायचो, आता पाय चालत नाहीत. माणसं आली की बरं वाटतं. मुलगी म्हणाली, आम्ही सगळ्यांना सांगू. तो इतका खूश झाला की आम्हाला सोडायला निम्म्या वाटेपर्यंत आला.

फाट्यावर परत पोहोचल्यावर मुलगी पुढचा रंग शोधायला डावीकडे चढून गेली. मी ऑलिव्हच्या झाडाखाली उभा राहिलो. उजवीकडच्या वाटेच्या तोंडाशी उभं राहिलं की सगळा समुद्र एकदम समोर उघडतो. बायकोच्या लेखी पाणी म्हणजे तिच्या गावची बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि पावसाळ्यातली नदी. मला वाटलं, तिच्या नावाचा एक गोटा इथं असावा. एक ठेवला. एकटा बरा दिसेना. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. हात थांबेनात. शेवटी एक पांढरा गोटा वर ठेवला, त्याखाली ऑलिव्हची डहाळी दाबली. हात जोडले. ढीग थेट उजव्या वाटेच्या तोंडाशी झाला होता. हे मला दिसत होतं. वरून मुलीची हाक आली, "बाबा, सापडला रंग!" आणि मी निघालो. इतका छोटा ढीग, मी स्वतःला म्हणालो, कोण पाहणार आहे.

घरी येऊन मी सूचना लिहिल्या. त्यांत चहावाल्या म्हाताऱ्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं. आणि आणखी एक ओळ लिहिली होती: "रंग दिसेनासा झाला तर गोट्यांचे ढीग पाहा. ढीग आहे तिथं वाट आहे."

माझ्या सूचना घेऊन गेलेल्यांत गोंडपिपरीचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या सौभाग्यवती होत्या. मुलाने त्यांना पाठवलं होतं. परत आल्यावर दोघं मला भेटायला सिंदेवाहीला आली. बाईंचा पाय घोट्यापासून प्लास्टरमध्ये. मी खुर्ची दिली, पायाखाली स्टूल ठेवलं.

"भाऊ, तुमच्या सगळ्या टिपा बराबर निघाल्या," गुरुजी म्हणाले. "पन तो चहावाला पक्का बदमाश हाये."

मी विचारलं, काय झालं?

फाट्यावर ढगांत वाट हरवली होती, रंग दिसत नव्हता. ढीग दिसला. माझी ओळ आठवली आणि ते उजवीकडे वळले. झोपडी बंद होती. पुढे आणखी वाट दिसली म्हणून चालत राहिले आणि खडीच्या उतारावर बाईंचा पाय घसरला. त्या ओरडल्या. म्हातारा कुठून तरी आला. गाढव घेऊन आला आणि त्यांना गाढवावर बसवून गावापर्यंत पोहोचवलं.

"मंग त्याने मदत केली ना?" मी म्हणालो.

"हो, केली!" बाई उसळल्या. "सोताच खड्ड्यात पाडते अन् सोताच काढते. गावात दुसरे चालनारे भेटले, ते बी म्हनत होते का हा ढीग त्याचाच हाये, गिऱ्हाईक वळवाले. मी तर त्याले तोंडावर शिव्या देल्या. समजल्या नसतीन त्याले, पन देल्या."

गुरुजींनी मोबाइलवर फोटो दाखवला. ऑलिव्हचं झाड मी ओळखलं. ढीग कमरेएवढा झाला होता. मागून येणाऱ्या प्रत्येकाने एकेक गोटा ठेवत नेला होता. पण मधोमध माझा पांढरा गोटा होता आणि त्याच्याखालून वाळलेली डहाळी बाहेर आलेली दिसत होती.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर बाईंचा प्लास्टरमधला पाय होता, आणि त्या पायाकडे पाहत 'हे मी केलं' हे शब्द बाहेर पडेनात. मी म्हणालो, "फार त्रास झाला हो तुम्हाला."

"भाऊ, हे तुमच्या टिपांत टाका," गुरुजी म्हणाले. "बाकीच्यांले सावध करा."

आणि मी टाकलं. त्याच संध्याकाळी. म्हाताऱ्याबद्दलचं चांगलं काढलं आणि वरची ती सूचना लिहिली. लोकांनी ती पुढे पाठवली. कोणीतरी तिचं इंग्रजी करून त्या वाटेवर चालणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलं, तिथं इतरांनी 'होय, आम्हालाही असंच' म्हणून भर घातली. हे सगळं मला कळत होतं. फोन आला की मी बुटांबद्दल बोलायचो, पाण्याबद्दल बोलायचो. म्हाताऱ्याबद्दल कोणी विचारलं की "लिहिलं आहे ना," म्हणायचो.

मग माझी मुलगी मैत्रिणींसोबत पुन्हा त्या वाटेने गेली. परत आल्यावर तिचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तो चहावाला अजून आहे. त्याच्या फळीवर कोणीतरी लाल फुली मारली आहे. तो फाट्यावरच झाडाखाली बसला होता. त्याने मला ओळखलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उठून उभा राहिला. तुम्ही चढावर काठी टेकत होता ना, तशी खूण केली, म्हणजे बाबा कुठे आहेत असं. मग छातीवर हात ठेवला. मी नुसती मान हलवली आणि पुढे गेले. थांबले नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्ही लिहिलं होतं ना तसं. पण मला अजून बरं वाटत नाहीये. असा नव्हता वाटला तो."

"तो तसा नाही, बाई," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. पांढऱ्या गोट्यापासून गुरुजींच्या फोटोपर्यंत.



"मी त्याच्याकडे पाठ केली, बाबा," ती म्हणाली. "माझ्याकडून तुम्ही हे करून घेतलंत."

तिने फोन ठेवला. पुढच्या दिवशी मी गोंडपिपरीची मोटार धरली.

गुरुजींच्या ओसरीत बसून मी सांगितलं. गुरुजी चष्मा पुसत राहिले. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आता काठीशिवाय चालत होत्या. त्या पुढे आल्या.

"म्हनजे माहा पाय तुमी मोडला म्हना ना!"

"हो."

"कोनाच्या नावाने ठेवला होता ढीग?"

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बायकोच्या नावाने गोटा ठेवला, त्याचं मी काई म्हनत नाई. चुकून होते मानसाले. पन मी त्या बुढ्याले नावं ठेवून राह्यली होती, तवा तुमी काऊन बोलले नाई? मी तुमच्या घरी आली, तुमच्या खुर्चीवर बसली, तवा काऊन नाई बोलले?"

"हिंमत झाली नाही, बाई."

"मंग आता माह्याजवळ काऊन आले? पहिले त्याच्याजवळ जा ना जी." त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या एक पुडी घेऊन आल्या. "जवसाची चटनी हाये. त्याले द्या. त्यानं गाढवावर बसवून आनलं मले, हातानं धरून, अन् मी त्याले काय काय बोलली."

गुरुजी एवढंच म्हणाले, "थोडी तिखट हाये भाऊ, सांगजा त्याले."

मुलीला मी फोन केला. तिने दोन-चार वाक्यांत उत्तर दिलं, पण सुट्टी काढली. निघण्याआधी तिने माझी खरी हकिगत इंग्रजीत आणि तुर्कीत चालणाऱ्यांच्या पानावर टाकली, माझ्या फोटोसकट. काहींनी माझी खरडपट्टी काढली. ते योग्यच होतं. एकाने विचारलं, ढीग अजून तिथंच आहे, तो कोण काढणार?

ह्या खेपेला चढ मला जमत नव्हता. डांबरी रस्त्याने गाडीने वरच्या गावापर्यंत गेलो आणि उलट्या बाजूने उतरत फाट्याकडे आलो. (गुडघे दुखणाऱ्यांनी हीच वाट धरावी, उतार सौम्य आहे.) म्हातारा झाडाखाली बसला होता. ढीग त्याच्या शेजारी होता, आणि ढिगापुढे एक फळी रोवलेली. मुलीने मोबाइल धरून वाचून सांगितलं, तुर्कीत लिहिलं होतं, 'इकडे वाट नाही'. चालणाऱ्या परदेशी लोकांना ती कशी वाचता येणार होती?

मला पाहून तो उठला. हात पुढे केला. मी आधी हात जोडले आणि मुलीला म्हणालो, सांग त्याला. तिने मोबाइलवर सांगितलं. ढीग ह्यांनी रचला. तुमच्याबद्दल ह्यांनी खोटं लिहिलं. माफी मागायला आले आहेत.

त्याने ऐकलं. मग मोबाइलपाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलला, पूर्वीसारखाच. मुलीने पडद्यावरचं वाचलं आणि तिचा आवाज बदलला.

"ते म्हणतात, मला माहीत होतं. तुम्ही रचत होता तेव्हा मी निम्म्या वाटेवरून पाहत होतो. तुम्ही शेवटी हात जोडलेत. मी समजलो, हे बायकोसाठी आहे."

मी विचारलं, मग पाडला का नाही? लोक तुम्हाला बोल लावत होते.

त्याने खांदे उडवले. मुलगी वाचत होती. "मेलेल्या माणसासाठी ठेवलेले दगड कसे पाडायचे? म्हणून फळी लावली. फळीचा उपयोग झाला नाही, तेव्हा मी इथं येऊन बसू लागलो. कोणी इकडे वळलं की सांगतो, इकडे नाही, तिकडे. ते समजतात मी चहासाठी बोलावतो आहे. ते रागावतात. पण वळतात."

मी ऑलिव्हच्या बुंध्याला टेकून बसलो. लोकांनी फुली मारलेल्या फळीखाली तो रोज येऊन बसत होता, माझ्या बायकोच्या गोट्यांना राखत आणि लोकांना त्यांच्यापासून वाचवत.

उठलो तेव्हा मी ढिगातल्या पांढऱ्या गोट्याला हात घातला. त्याने लगेच माझा हात धरला, नको म्हणून. मी मुलीला म्हणालो, सांग, पाडत नाही, हलवतो. त्याने थोडा विचार केला आणि आपल्या झोपडीकडे बोट केलं.

आम्ही गोटे वाहून नेले. तो, मी, मुलगी, आणि मग त्याची बायकोही आली, ती आपल्या घेरदार कपड्याच्या ओच्यात भरून न्यायची आणि दर खेपेला काहीतरी बोलून हसायची. वाटेत मुलगी माझ्या शेजारून गेली तेव्हा तिने माझ्या हातातला मोठा गोटा काढून घेतला. "हा तुमच्या वाटचा," म्हणाली. त्या फोननंतर ती पहिल्यांदा माझ्याशी अशी बोलली.

झोपडीच्या भिंतीशी, समुद्राकडे तोंड करून आम्ही ढीग पुन्हा रचला. डहाळी दाबायची म्हाताऱ्याने आठवण केली. मग चहा झाला. मी पुडी काढली. त्याने चटणीचा मोठा घास पावासोबत तोंडात टाकला, तिखट आहे हे मी सांगायच्या आत. डोळ्यांतून पाणी आलं, खोकला आला, बायकोने पाठीवर थापा मारल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्याने पुडी स्वतःच्या बाजूला सरकवून घेतली. मुलीने त्याच्या चहाच्या फळीवरची लाल फुली दगडाने खरवडून काढली.

आता माझी दुरुस्त केलेली सूचना अशी आहे. आधीची ज्यांच्याजवळ असेल त्यांनी ती पुसून टाकावी आणि ज्यांना पाठवली असेल त्यांना ही पाठवावी.

कबाकच्या पुढचा चढ संपला की ऑलिव्हचं पोकळ झाड येतं. रंगाची वाट डावीकडे जाते, तुमची वाट तीच. पण घाई नसेल तर उजवीकडे चहाच्या फळीमागे वळा. झोपडीपर्यंतच जा, पुढे खडीचा उतार आहे. म्हातारा विचारेल, "चाय?" हो म्हणा. तो जे पुढे ठेवेल ते खा. भिंतीशी गोट्यांचा एक ढीग दिसेल. तो कुठलीही वाट दाखवत नाही. तरी वाटलं तर येताना एक गोटा उचलून आणा आणि त्यावर ठेवा.